सामाईक विहिरीचा जादूगार

माझ्या नावावर एक कादंबरी आहे. तिच्यात जादू आहे, सात डोंगर आहेत, बोलणारं घुबड आहे आणि शेवटी सूड आहे. मी शाळेत विज्ञान शिकवते. ही बातमी बारामतीतल्या आमच्या शाळेत पोचली तेव्हा मुख्याध्यापकांनी मला बोलावून घेतलं, दार लोटलं आणि फार काळजीनं विचारलं, "मॅडम, घरी सगळं ठीक आहे ना?"

घरी सगळं ठीक नव्हतं, म्हणून तर लिहिली होती. पण तसं सांगता येईना, म्हणून मी म्हटलं की मुलांची कल्पनाशक्ती वाढावी हा हेतू आहे. त्यावर ते म्हणाले, "वाढू द्या, पण दहावीचं पोर्शन पूर्ण करून."

प्रकाशक पुण्याचे. त्यांनी फोनवर सांगितलं की पुस्तक यंग ॲडल्ट गटात जाईल. आमच्या गावी, कन्हेरीला, घरी येऊन मी हे आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, समजावून सांगायला लागले. सोळा ते वीस वयाच्या मुलामुलींसाठी असतात ही पुस्तकं, असं मी म्हणाले.

"त्या वयाची पोरं तर मोबाईल बघत्यात," आबा म्हणाले.

"हो."

"मग वाचणार कोण?"

आबांचं शिक्षण सातवीपर्यंत. पण हा प्रश्न प्रकाशकांना सुचला नव्हता, मला सुचला नव्हता, आणि तोवर पुस्तक छापखान्यात गेलं होतं.

कादंबरीची गोष्ट अशी. एका गावात एक विहीर असते. तिच्या तळाशी तीन ताम्रमणी असतात, त्यांच्या बळावर पाणी वर येतं. एक दुष्ट जादूगार ते मणी चोरतो, विहीर झोपी जाते, पिकं जळतात. मग गावातली सोळा वर्षांची मुलगी सुडाची शपथ घेऊन मणी शोधायला निघते. पुढं डोंगर, घुबड, शाप, उःशाप वगैरे दोनशे पानं.

खरी गोष्ट सव्वा पानाची होती. आमची आणि चुलत्यांची एक सामाईक विहीर आहे. तेव्हा मोटार एक, पाळी चार-चार दिवसांची. चार दिवस पाणी आमच्या रानात, चार दिवस तात्यांच्या. तात्या म्हणजे माझे चुलते, आबांचे धाकटे भाऊ. बारा वर्षांपूर्वी भर चैत्रात आमची पाळी सुरू व्हायच्या सकाळी आबा विहिरीवर गेले, तर मोटारीच्या पेटीतल्या पांढऱ्या चिनी मातीच्या तिन्ही फ्यूजा गायब. आदल्या संध्याकाळपर्यंत पाळी तात्यांची होती. तेव्हा फ्यूजा कुणी नेल्या हे शोधायला घुबडाची गरज नव्हती.

बारामतीच्या बाजारात नव्या फ्यूजा आणायला अर्धा तास लागला असता. पण असं करणारा माणूस आमच्या भावकीत अजून जन्माला यायचाय. प्रश्न फ्यूजांचा नव्हता, तत्त्वाचा होता. आबा म्हणाले, ज्यानं नेल्या त्यानं आणून बसवाव्यात. तात्या म्हणाले, मी नेल्याच न्हाईत तर बसवू कशाला. तत्त्वापायी आमचा मका उभा वाळला आणि पुढच्या चार दिवसांत तात्यांची वांगी वाळली. अखेर पाहुण्यांनी मध्ये पडून दोन वेगळ्या मोटारी बसवून दिल्या. तेव्हापासून एका विहिरीत दोन पाइप आणि दोन्ही घरांत एक शब्द नाही.

त्या भांडणात माझं एकच नुकसान झालं. तात्यांची मुलगी माझ्याच वयाची. आम्ही दोघी एका सायकलवरून शाळेला गेलो, एका डब्यात जेवलो, एकीला ताप आला की दुसरीनं शाळा बुडवली. फ्यूजा गेल्या आणि आमचंही बोलणं थांबलं. वर्षभरानं तिचं लग्न झालं, ती इंदापूर तालुक्यात अंथुर्ण्याला नांदायला गेली. मी लग्नाला गेले नाही. आमच्या घरातलं कुणीच गेलं नाही. त्या दिवशी मांडवातला स्पीकर आमच्या स्वयंपाकघरात स्पष्ट ऐकू येत होता, आणि मी भांडी आपटत होते.

माझ्या हिशेबी हे सगळं तात्यांमुळं झालं होतं. त्यांनी तीन फ्यूजा नेल्या आणि माझी बहीण गेली. वकील असते तर दावा लावला असता. विज्ञानाची बाई काय करणार? मी कादंबरी लिहिली.

जादूगार मी अगदी मन लावून लिहिला. त्याची टोपी डाव्या बाजूला कलती. कुठलीही थाप मारण्याआधी तो दोनदा खाकरतो आणि "आसं बघा" म्हणून सुरुवात करतो. बोलताना तळहातावर अंगठ्यानं भस्म मळत राहतो. कन्हेरीत कुणाही पोराला हे वर्णन वाचून दाखवलं असतं तरी त्यानं थेट तात्यांच्या घराकडं बोट केलं असतं. भस्माच्या जागी तंबाखू वाचली की झालं. प्रकाशकांनी कळवलं, "बाकी पात्रं थोडी पुस्तकी वाटतात, पण जादूगार फार जिवंत झालाय." मी त्यांचे आभार मानले.

मग प्रकाशन सोहळा ठरला. आता आमच्याकडं पुस्तकाचं प्रकाशन आणि पोरीचा साखरपुडा यांत फार फरक करत नाहीत. मंडप, फ्लेक्स, शाली, नारळ, जेवण. फ्लेक्सवर माझा फोटो, शेजारी आग ओकणारा ड्रॅगन. माझ्या कादंबरीत ड्रॅगन नाही. फ्लेक्सवाला म्हणाला, "मॅडम, जादू म्हटल्यावर हे लागतंयच. दुसरं काय असेल तर वाघ आहे." मी ड्रॅगनवर समाधान मानलं.

निमंत्रणपत्रिका आबांनी स्वतः लिहून काढली, आणि तीत निमंत्रकांमध्ये आबांच्या खालोखाल नाव होतं तात्यांचं.

"तुमचं बोलणं नाही ना?" मी विचारलं.

"बोलणं न्हाय म्हणून नाव बी न्हाय, आसं कुठं आस्तं व्हय?" आबा माझ्याकडं असे बघायला लागले की जणू मीच चारचौघांत विचित्र बोलले. आणि त्यांचं खरं होतं. भावकीत बोलणं बंद पडतं, येणंजाणं बंद पडतं, प्रसंगी पाणी बंद पडतं, पण पत्रिकेतलं नाव बंद पडत नाही. ते गळलं तर मात्र खरं वैर सुरू होतं. नाव छापायचं, पत्रिका तिसऱ्या माणसाच्या हातानं पाठवायची, त्यांनी यायचं, मानाची शाल घ्यायची, आणि एकमेकांकडं न बघता जेवून जायचं. याला आमच्याकडं रीत म्हणतात.

मला तर हे पथ्यावरच पडलं. मी पत्रिकेबरोबर पुस्तकाची एक प्रतही पाठवून दिली. तात्यांनी आधी वाचावं, मग सगळ्या गावासमोर स्टेजवर बसावं आणि शाल घेताना त्यांची मान खाली असावी, एवढीच माझी माफक इच्छा होती.

सोहळ्याला गर्दी चांगली झाली. जेवणात मटण आहे अशी अफवा उठली होती. अध्यक्ष म्हणून आलेल्या पुढाऱ्यांनी पुस्तक हातात घेऊन वजन पाहिलं आणि भाषण सुरू केलं. ठिबक सिंचन, तरुण पिढी, व्यसनमुक्ती असं करत करत ते जादूपर्यंत आले आणि म्हणाले, "खरी जादू म्हणजे एकरी शंभर टन ऊस!" त्या वाक्याला मिळाल्या तेवढ्या टाळ्या पुढं माझ्या नावाला मिळाल्या नाहीत. नंतर बोललेल्या एका बाईंनी अंधश्रद्धेवर घणाघाती टीका केली. त्या तावातावानं बोलत असताना माझ्याकडंच बघत होत्या.

आणि मग निवेदकानं उत्साहाच्या भरात तात्यांना दोन शब्द बोलायला सांगितलं.

तात्या उठले. टोपी डावीकडं कललेली. माइकसमोर उभे राहून ते दोनदा खाकरले. मागच्या बाकांवरून कुणीतरी खुदकन हसलं, म्हणजे निदान एकानं तरी पुस्तक वाचलं होतं. मला आनंदानं घाम फुटला.

"आसं बघा," तात्या म्हणाले, "पुस्तक म्या वाचलं. दोन डाव वाचलं. पोरीनं चांगलं लिवलंय. फकस्त त्यो जादूगार येवढा हुशार नको हुता. चोरी करणारा माणूस हुशार नसतुया. घाबरल्याला असतुया." एवढं बोलून ते थांबले. बहुधा पुढं काही बोलायचं होतं, पण भाषण संपलं असं समजून लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि ते खाली बसले.

मी चिडले. मान खाली घालायची सोडून हा माणूस समीक्षा करत होता! आबा त्या वेळी मंडपाच्या कडेला उभे होते. ते टाळ्या वाजवत नव्हते. मला वाटलं, भावाचं कौतुक त्यांना सोसत नसेल.

सोहळ्यानंतर आबांनी पुस्तक वाचायला घेतलं. रोज दुपारी जेवण झालं की सोप्यात बसायचे, चष्मा लावायचे आणि ओठ हलवत सात-आठ पानं वाचायचे. पहिले काही दिवस मजेत होते. घुबड त्यांना आवडलं. "ह्यो पक्षी आपल्या सरपंचापरीस बरा बोलतुया," म्हणाले. पण जादूगार आला तसे ते गप्प व्हायला लागले. मी शनिवार-रविवारी घरी जायचे तेव्हा कौतुकाची वाट बघत समोरून दोन-तीनदा उगाच फिरायचे. बापाचा सूड मुलीनं घेतला, निदान छापून तरी घेतला. शाबास म्हणायला काय जातंय?

एका रविवारी त्यांनी पुस्तक मिटलं आणि मला हाक मारली.

"ह्यो जादूगार शेवटाला मरतुया व्हय?"

"हो. ती मुलगी त्याला विहिरीत ढकलते."

"माफी न्हाय मागत?"

"नाही, आबा. सूडकथा आहे."

"मागितली आस्ती त्यानं," आबा म्हणाले. "तू त्याला आणिक धा पानं द्यायला पायजे हुती."

मी हे साहित्यिक मत समजले. त्यांना समजावून सांगायला लागले की शेवट लांबला की वाचक कंटाळतो, खलनायकाला फार बोलू दिलं तर त्याच्याविषयी दया वाटायला लागते, आणि दया वाटली की सुडाची मजा जाते. आबांनी सगळं ऐकून घेतलं. शाळेत पहिल्या बाकावरची मुलं ऐकतात तसं. मग म्हणाले, "फ्यूजा म्या काढल्या हुत्या."

मला आधी कळलंच नाही. मी विचारलं, कुठल्या फ्यूजा?

त्यांनी सांगितलं. तात्यांच्या पाळीत दोन दिवस वीज नव्हती, म्हणून तात्या म्हणत होते की मला दोन दिवस वाढवून द्या. आबा म्हणाले, पाळी म्हणजे पाळी. शब्दाला शब्द वाढला. संध्याकाळी रागाच्या भरात आबा विहिरीवर गेले आणि तात्यांना मोटार चालूच करता येऊ नये म्हणून तिन्ही फ्यूजा काढून पैरणीच्या खिशात टाकल्या. सकाळी आपल्या पाळीला आपणच बसवायच्या, असा विचार होता. पण सकाळी गेले तर पेटीपाशी चार माणसं जमलेली आणि तात्या विचारतायत, फ्यूजा कुणी नेल्या?

"तवाच सांगायचं हुतं," आबा म्हणाले. "पर माणसं बघितली आन् तोंडातून निघून गेलं, तूच नेल्या आसशील."

"आणि फ्यूजा?"

"खिशातच हुत्या. माणसं गेल्यावर हिरीत टाकल्या."

माझी नायिका सात डोंगर पालथे घालून आली होती. मणी विहिरीतच होते.

मी खूप बोलले त्यांना. आयुष्यात पहिल्यांदा आबांवर ओरडले. मका गेला ते जाऊ दे, पण सख्खा भाऊ गावात चोर ठरला आणि तुम्ही बारा वर्षं गप्प बसलात? ते म्हणाले, "पयल्या दिशी सांगायचं हुतं. दुसऱ्या दिशी आवघड झालं. मग रोजच आवघड हुत गेलं." मी म्हटलं, आता जा आणि सांगा, मधे दोनच बांध तर आहेत. आबा चष्मा पुसत म्हणाले, "बघू. ऊस जाऊ दे."

आमच्याकडं सगळं ऊस गेल्यावर असतं. लग्न ऊस गेल्यावर, दाताची कवळी ऊस गेल्यावर, मोतीबिंदू ऊस गेल्यावर. गेली बारा वर्षं आमच्या रानातून दरसाल ऊस जात होता, हे मी त्यांना सांगितलं. ते उठून गोठ्याकडं गेले.

त्या रात्री मला झोप लागली नाही, असं लिहायची पद्धत आहे. मला लागली, कारण दुसऱ्या दिवशी घटक चाचणी होती. पण आठवडाभर लाज मात्र वाटत राहिली. ज्या माणसानं काही केलं नव्हतं त्याला मी टोपीसकट, खाकरण्यासकट चोर म्हणून छापला होता. वर शाल देऊन समोर बसवला होता. त्याच्या मुलीनं हे वाचलं असेल तर? आणि कुठल्या ना कुठल्या भावकीतल्या माणसानं ते तिच्यापर्यंत पोचवलं असणारच. अशा कामाला आमच्याकडं टपालखातं लागत नाही.

पुढच्या रविवारी मी एसटीनं अंथुर्ण्याला गेले. तासाभराचा रस्ता. वाटेत मी काय बोलायचं ते तीन-चार प्रकारे जुळवून पाहिलं. त्या सगळ्यांत आबांची बाजू थोडी सावरून घेतली होती.

घर सापडायला वेळ लागला नाही. ती अंगणात डाळिंबांच्या ढिगापुढं बसून प्रतवारी करत होती, मोठी एका क्रेटमध्ये, बारकी दुसऱ्यात. अंगानं भरली होती, डोक्याला रुमाल बांधलेला. मला बघून तिनं हातातलं डाळिंब खाली ठेवलं नाही. "ये," म्हणाली, आणि पायानं एक पोतं माझ्याकडं सरकवलं.

मी पोत्यावर बसले आणि जुळवून आणलेलं सगळं विसरून एका दमात सांगून टाकलं. फ्यूजा आबांनी काढल्या होत्या. तात्यांचा काही दोष नव्हता. मी चुकीच्या माणसावर पुस्तक लिहिलं.

"आमाला ठाव हाय," ती म्हणाली.

"काय ठाऊक आहे?"

"फ्यूजा आबांनीच नेल्या त्ये. तात्यांनी त्याच सकाळी बघितलं हुतं. पैरणीच्या खिशातनं पांढरं दिसत हुतं की."

"मग ते बोलले का नाहीत? तिथंच खिशात हात घालून काढायच्या होत्या!"

"थोरल्या भावाच्या खिशात चार माणसांत हात घालायचा?" ती माझ्याकडं बघत म्हणाली. "तात्या म्हणले, चोर म्हणून घेतलेलं परवडलं. वांगी काय, पुढच्या साली येत्यात."

त्या एवढ्या मोठ्या कादंबरीत मी शाप लिहिले होते, वचनं लिहिली होती, त्याग तर तीन ठिकाणी लिहिला होता. मला रडू आलं आणि ते लपवायचा मी प्रयत्नही केला नाही. मी म्हटलं, मला माफ कर, मी तात्यांच्या पाया पडते, पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघाली तर सगळं बदलते.

"तात्यांचं ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "त्यांना पुस्तक आवाडलंय. आल्यागेल्याला दाखवत्यात, ह्यो मीच हाय म्हणून."

तिनं दोन-तीन डाळिंबं उचलून उगाच फिरवून पाहिली आणि खाली ठेवली.

"त्यांचं दोघा भावांचं भांडान हुतं. त्ये बोलत न्हवते. पर माझ्या लग्नाला तुला कुणी आडिवलं हुतं?"

मी खरोखर आठवून पाहिलं. आबांनी जाऊ नको असं म्हटलं नव्हतं. आईनं म्हटलं नव्हतं. उलट आई त्या दिवशी सकाळी म्हणाली होती, तुला जायचं तर जा बाई, पोरीपोरींचं काय वैर आहे. मला कुणी शपथ घातली नव्हती, कुणी दाराला कडी लावली नव्हती. मांडव दोन बांध पलीकडं होता.

"कुणी नाही," मी म्हटलं.

तिनं मान हलवली. ती पुन्हा फळं निवडायला लागली. मीही समोरची चार उचलली, पण कुठलं कुठं टाकायचं ते कळेना, म्हणून हातातच धरून बसले.

"अक्षता पडायच्या आधी भटजींनी तीनदा हाक मारली," ती म्हणाली, "करवली कुठं हाय, करवलीला बोलवा म्हणून. सगळी माझ्याकडं बघाय लागली. मी म्हणलं, येतीया. वाईच थांबा, येतीया ती."